ट्रायल रूम

अद्वयनं आणला तेव्हा नाव ठेवलं होतं टायगर.
मग त्याचं कॉलेज पुण्याला लागलं, पिंजरा माझ्या दुकानात आला,
शिवून पडलेल्या, कुणी न नेलेल्या ब्लाउजांच्या शेजारी.
खारीगाव नाक्यावर बावीस वर्षं कात्री चालवतेय,
रंग मला कळतात.
सकाळी पोपटी, दिवा लागला की शेवाळी,
गिऱ्हाईक भांडलं की अंगावर काळपट काठ.
लोक म्हणतात, सरड्यासारखा रंग बदलतो.
बदलतो कुठे?
त्याला काही लपवताच येत नाही.

श्रावणात फांदी सोडून तळाशी उतरला.
रातकिडे समोरून चालत गेले, जीभ सुटली नाही.
दोन दिशांना फिरणारे डोळे
आत ओढले गेले, बटण तुटलेल्या काजासारखे.
दिवसभर जाळी खरवडायचा.

साडीच्या खोक्याला आरीनं भोकं पाडली,
शेअर रिक्षात मांडीवर धरून कळव्याचा पूल ओलांडला.
शेजारची म्हणाली, "पैठणी का?"
मी म्हटलं, हो.

नौपाड्यात जिन्याखाली डॉक्टर बागवेंचा दवाखाना.
त्यांनी आधी कागद मागितला.
आपल्याकडचा घोयरा पाळायचा नसतो, कायदा आहे. हा येमेनकडचा.
नोंदणी अद्वयनं पिंजऱ्याखालीच चिकटवली होती, बरं झालं.
वजन एकशे अठरा ग्रॅम.
मागच्या पायाची टाच बोटानं चाचपली आणि हसल्या:
"टायगर बाई आहे हो."

एक्स-रे उजेडाला धरला.
पोटात मण्यांची पोत, गाठ न मारलेली.
"नर नसला तरी धरतात. पण घालायला जागा लागते.
नाही मिळाली तर तशीच धरून ठेवते, मरेपर्यंत."
कसली जागा?
"ओली वाळू, हातभर खोल. आणि कुणी बघायचं नाही."
हे मला इंजेक्शनच्या आधी कळलं.
कॅल्शियमची सुई दिली, कातडीखाली चमचाभर सलाइन.
दोन दिवसांत नाही झालं तर ऑपरेशन.
आकडा कागदाच्या मागे लिहिला, तोंडानं बोलल्या नाहीत.

रेतीबंदर हाकेवर, पण खाडीची वाळू खारट.
टॉवरच्या कामावरून दोन घमेली मागून आणली,
तीन पाण्यांनी धुतली,
बोटानं केलेलं भोक ढासळेना, एवढी ओली ठेवली.
बादली ट्रायल रूममध्ये.
आरसा भिंतीकडे फिरवला, पडद्याला सेफ्टी पिना.
गौरी-गणपती तोंडावर. आलेल्यांना सांगितलं,
घरी घालून बघा, घट्ट झालं तर परत आणा.
केणीबाई तडकल्या, "आत आहे तरी कोण?"
बाळंतीण, म्हटलं.

मशीनची धडधड जमिनीतून जाते,
म्हणून दोन दिवस मशीन बंद. हातानं हुक लावले, काजं केली.
पडद्यामागे वाळू सरकायची. थांबायची. पुन्हा सरकायची.
मोठीच्या वेळी मला मोरीत कळा आल्या होत्या,
कडी तुटकी, बाहेर सासरे,
ते मोठमोठ्यानं खोकत राहिले, मला ऐकू येऊ नये म्हणून
की त्यांना, अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या पहाटे एक पिन काढली.
वाळू वरून सपाट, काही झालंच नाही अशी.
ती पडद्यावर चढलेली,
पोट उसवल्यासारखं सैल, पंजे मातकट.
सलाइनच्या नळीतून मनीप्लांटवर थेंब सोडला.
वाटीतलं पाणी तिला कळत नाही, हलणारा थेंब कळतो.
वीस मिनिटं पीत होती.

एकोणचाळीस. रिकामी असतात, टाकून द्या, डॉक्टर फोनवर म्हणाल्या.
टाकली.
अद्वयनं विचारलं, कसा आहे?
कशी, म्हटलं.

मापाच्या वहीत, केणीबाईंच्या पानाखाली, तारीख आणि आकडा लिहिला.
रंगाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पाणी प्याल्यावर ती जी झाली होती
तसलं रीळ माझ्याकडे नाही.
स्टेशनजवळच्या मॅचिंगवाल्याचा एक डबा बघायचा राहिलाय.